कलमाच्या घडीच्या चाकूची शिसवी मूठ कशी घासावी?

प्रश्न (पिंपळगाव बसवंत):
द्राक्षबागेत कलमे बांधण्यासाठी वापरत असलेल्या घडीच्या चाकूची शिसवी मूठ कडांना खडबडीत झाली असून दिवसभराच्या कामात ती तळहाताला टोचते. पाते पितळी रिव्हेटने जोडलेले असल्यामुळे वेगळे काढता येत नाही. मूठ सुरक्षितपणे कशी घासावी?

उत्तर (पंचवटी, सुतारकाम):
पाते पूर्ण मिटवावे आणि ते उघडू नये तसेच भुसा सांध्यात जाऊ नये म्हणून खाचेवरून चिकटपट्टी घट्ट लावावी. सुरुवात 220 नंबरच्या पॉलिश पेपरने करून नंतर 400 वापरावा. 120 फक्त खोल ओरखड्यांसाठी. लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासावे. रिव्हेटजवळ पेपर बोटाने दाबला, तर मऊ लाकूड आधी झिजते आणि पितळ उंच राहून पुन्हा टोचू लागते, म्हणून तेथे पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच चालवावा. मशीनची गरज नाही; हातानेच आकार सांभाळता येतो.

उत्तर (सातपूर):
शिसवाचा भुसा त्वचेला व श्वसनमार्गाला त्रासदायक ठरू शकतो, तेव्हा मास्क आवश्यकच आहे. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, मात्र तेलाची चिंधी चुरगाळून ठेवू नये, कारण ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावी. कलम करण्यापूर्वी पाते स्पिरिटने पुसावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीपूर्वीच हे काम उरकतो.