१ मे च्या परेडसाठी बुटाची टो-शाइन (टोकावरची आरशासारखी चमक): उन्हात तडकते, पांढरी पडते. काय करावं?

चोपडा_कॅडेट:

जय हिंद. एनसीसी सीनियर डिव्हिजन, आर्मी विंग. १ मे ला ध्वजारोहणाच्या परेडला आमची प्लॅटून (कॅडेट्सची तुकडी) आहे, हातात १२ दिवस आहेत. रिहर्सल रोज सकाळी ७ ते १०. बूट काळे, टो-कॅपवाले (पुढच्या टोकावर वेगळा कडक तुकडा शिवलेले), बहुतेकांकडे एकच जोड.

टोवर काचेसारखी चमक येते, पण टिकत नाही. टो-कॅपच्या शिवणीमागे, जिथे पाऊल वाकतं तिथे बारीक तडे जाऊन पापुद्रे निघतात. कधी थर देता देता टो धुरकट पांढरा होतो आणि घासावा तितका वाढतो. नऊ वाजले, ऊन चढलं, की शाइन मऊ पडते, मैदानाची धूळ तिच्यात बसते आणि नंतर ब्रश मारला की ओरखडे. प्लॅटूनमधले काही जण लिक्विड पॉलिश लावतात, त्यांचे बूट लांबून तरी चमकतात. सगळ्यांनी तेच करावं का?

गिरणाकाठ:

जय हिंद भाऊ. लिक्विडच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी हेच आहे: थर जाड, दोन थरांत वेळ नाही, आणि वाकणाऱ्या जागीही थर.

डबीतलं पॉलिश म्हणजे मेण आणि ते विरघळवणारं टर्पेंटाइनसारखं द्रावण. चमक मेणाची असते, पण द्रावण उडून गेल्याशिवाय मेण घट्ट होत नाही. ओल्या थरावर दुसरा थर चढवला की खालचाही पुन्हा विरघळतो आणि सगळं लोण्यासारखं सरकत राहतं. तुम्हाला दिसतो तो धुरकटपणा बहुतेक हाच. अशा वेळी जोर लावला तर वाढणारच. हात थांबवा, बूट २० मिनिटं सावलीत ठेवा, मग स्वच्छ ओल्या कापसाने अगदी हलक्या हाताने फिरवा. नाही गेलं तर वरचा थर उतरवा, त्यावर नवा थर देऊ नका.

तडे जातात कारण मेण वाकत नाही आणि चामडं वाकतं. आरशासारखी चमक दोनच जागी द्यायची, टो-कॅप आणि टाचेची मागची वाटी. तिथे चामड्याखाली कडक अस्तर असतं. अंगठ्याने दाबून बघा. जिथे चामडं दबायला लागतं तिथून थर बंद. शिवणीच्या अर्धा सेंटिमीटर अलीकडेच बोट थांबलं पाहिजे. बाकी बुटाला पातळ पॉलिश, १० मिनिटं थांबून घोड्याच्या केसांचा ब्रश, बस्स.

आता पद्धत. लेस काढा. कोरड्या ब्रशने धूळ, मग ओलसर फडक्याने पुसणं, वेल्टच्या (सोल आणि वरचं चामडं जोडणाऱ्या पट्टीच्या) खाचेत जुना टूथब्रश. पूर्ण वाळल्यावर संपूर्ण बुटाला पातळ पॉलिश आणि ब्रश, दोनदा. हा पाया. त्यानंतर टोचं काम. जुन्या धुतलेल्या सुती बनियनचा तुकडा दोन बोटांवर ताणून गुंडाळा, एकही सुरकुती नको, सुरकुतीची रेघ मेणात उमटते. ज्वारीच्या दाण्याएवढं पॉलिश, पाण्याशिवाय, ३-४ थर, प्रत्येकानंतर १० मिनिटं. या टप्प्यावर टो मंद दिसतो, घाबरू नका, चामड्याची छिद्रं भरली जात आहेत.

मग पाणी. डबीच्या झाकणात माठातलं गार पाणी घ्या. फडकं ओलं करून पिळा, टोवर एकच थेंब, पॉलिश आता बाजरीच्या दाण्याइतकं. रुपयाच्या नाण्याएवढी वर्तुळं, आणि दाब हळूहळू कमी करत न्यायचा. पाणी मेणात मिसळत नाही, त्यामुळे फडकं मेणाला धरून ओढत नाही, वरून घसरतं आणि पृष्ठभाग सपाट होतो. काही जण पाण्याऐवजी थुंकी लावतात, तिचंही काम तेवढंच, म्हणून थुंकायची गरज नाही. असे ८-१० थर, पण एका बैठकीत नव्हे. रात्री ३-४, मग बूट सकाळपर्यंत तसेच. तिसऱ्या रात्री शेवटचा हात पॉलिश न घेता, फक्त ओल्या कापसाचा.

उन्हाचं म्हणाल तर आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा सहज ४२-४३ पर्यंत जातो आणि काळं चामडं हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नोबा (पॉलिशमधलं झाडापासूनचं कडक मेण) ८२ ते ८६ ला, पण मऊ दोन्ही त्याआधीच होतात. जाड थरात धूळ रुतते, पातळ थरात तिला जागाच नसते. पत्र्याच्या खोलीत दुपारी पॉलिश करू नका, डबीतलं पॉलिश मलमासारखं होतं आणि फडकं हवं त्याच्या तिप्पट उचलतं. डबी घट्ट लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत माठाच्या बुडाशी, बाहेरून टेकवून ठेवा, काम पहाटे किंवा रात्री.

जोड एकच आहे, म्हणून रिहर्सलला फक्त पाया ठेवून जा. टोचे थर २८, २९ आणि ३० एप्रिलच्या रात्री. त्या तीन दिवसांत रिहर्सल असेलच तर स्टाफला विचारून पीटी शूजवर करा.

चर्मकाम_अमळनेर:

वरचं सगळं बरोबर, पण फुटलेल्या थरावर नवा थर टिकणार नाही. आधी जुनं उतरवा. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन कापसाला लावून एकाच दिशेने पुसा, कापूस काळा झाला की बदला. फक्त टो आणि टाच. मग रात्रभर उघडं ठेवा आणि सकाळी पाया देण्यापासून सुरू करा. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, ते चामड्याचा वरचा रंगच उचलतात आणि तो डाग पॉलिशने झाकत नाही.

काडी किंवा लायटरने मेण वितळवून चमक आणायची पद्धत पोरं एकमेकांना शिकवतात. पॉलिशमधलं द्रावण पेट घेतं, आणि उष्णतेने सोलचा डिंक सुटतो, टोचं अस्तर ढिलं पडतं. एकदा टो दबून खाली बसला की तो बूट परेडच्या कामाचा राहत नाही.

लिक्विड पॉलिशचा वाळल्यावर पातळ पापुद्रा होतो. पाऊल वाकतं तिथे तो फुटतोच, आणि वरून लावलेलं मेणाचं पॉलिश चामड्यापर्यंत पोचत नाही. टर्पेंटाइनने तो धड निघतही नाही. ज्यांनी लावलंय त्यांनी तो भाग ओलसर फडक्याने वारंवार पुसून जितका निघेल तितका काढावा.

अजून एक तपासा. सगळे बूट चामड्याचेच आहेत का? बुटाच्या जिभेची (लेसखालच्या पट्टीची) आतली कड बघा. मागची बाजू केसाळ, तंतुमय दिसली तर चामडं, कापडासारखी वीण दिसली तर रेक्झिन. रेक्झिनमध्ये पॉलिश मुरत नाही, थर सालीसारखे निघतात. तिथे पातळ पॉलिश, ओलसर फडकं, आणि तेवढ्यावर समाधान.

बुटाखाली नाल (लोखंडी पट्टी) असेल तर तिचे खिळे बघून घ्या. एक खिळा वर आला की सिमेंटवर पाय घसरतो.

धुळे_एसडब्ल्यू:

भाऊ, एक बाजू राहिली. इन्स्पेक्शनला तुमचा एक बूट दिसत नाही, रांग दिसते. अर्ध्या प्लॅटूनचे टो आरशासारखे आणि अर्ध्यांचे लिक्विडने चकाकणारे असले की रांग ठिगळाची दिसते. त्यापेक्षा सगळ्यांचे मध्यम पण एकसारखे बूट उठून दिसतात. आजच सेक्शन कमांडरांना (प्लॅटूनमधल्या गटांच्या प्रमुखांना) बसवून ठरवा: पॉलिश एकाच कंपनीचं (चेरी ब्लॉसम घ्या किंवा किवी, पण सगळ्यांचं तेच), चमक कुठपर्यंत, लेस कशी. लेसच्या पट्ट्या आडव्या, समांतर, पीळ नको, गाठीची टोकं आत. पॉलिश लागलेली लेस धुऊनही भुरकट राहते, ती बदला.

तीन जागा नेहमी विसरल्या जातात: सोलची कड, टाच आणि सोल यांच्यामधली कमान, आणि जिभेचा वरचा भाग. कडेला टूथब्रशने काळं पॉलिश द्या. सावधान-विश्राममध्ये मागच्या रांगेला तुमची टाचच दिसत असते.

चोपडा_कॅडेट:

ताई, दादा, मनापासून आभार. रेक्झिनचे तीन जोड निघाले, ते बदलता येतात का बघतो. परेडच्या सकाळी काय करायचं? मैदानाला काळी माती आहे, टँकरने पाणी मारतात.

गिरणाकाठ:

बूट घालून गाडीवर जाऊ नका. चपलेवर जा, प्रत्येक बूट जुन्या मोज्यात घालून कापडी पिशवीत न्या. डिक्कीत नाही, तिथे शाइन मऊ पडते आणि मोजा चिकटतो. फॉल-इनच्या (रांगेत उभं राहण्याच्या) १० मिनिटं आधी सावलीत घाला.

काळी माती ओली असतानाच उचला, ओल्या कापसाने टिपून, घासून नव्हे. वाळली की तिचे कण सँडपेपरसारखे चालतात. टोला त्या दिवशी ब्रश लावायचाच नाही. खिशात दोन गोष्टी: डबीच्या झाकणाएवढा ओला कापूस छोट्या पिशवीत, आणि कोरड्या बनियनचा तुकडा. आधी कापूस, मग बनियन, एकदाच, आतून बाहेर. पॉलिशची डबी मैदानावर आणू नका. शेवटच्या मिनिटाला लावलेला थर वाळत नाही आणि पहिल्या मार्चमध्येच धूळ धरतो.