मॅक्रो छायाचित्रणासाठी पुण्याजवळच्या जागा सुचवाव्यात

गेली तीन वर्षे मी रानफुलांचे आणि कीटकांचे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून केलेले, छायाचित्रण करतो आहे. ९० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, एक लहान फ्लॅश आणि फ्लॅशचा प्रकाश सौम्य करणारा, घरीच बनवलेला डिफ्यूजर एवढेच माझे सामान. पुण्याहून पहाटे निघून रात्रीपर्यंत परतता येईल, अशा जागांची माहिती हवी आहे. ‘कासला जा’ हे उत्तर मला पुरेसे का वाटत नाही, ते आधी सांगतो.

कासला सप्टेंबरमध्ये दोनदा जाऊन आलो. फुललेले अख्खे पठार टिपायचे असेल तर त्या जागेला तोड नाही, पण सीतेची आसवं हे फूल जेमतेम सेंटीमीटरभराचे. त्याच्या पातळीवर यायचे तर पालथे पडून लेन्स जमिनीला टेकवावी लागते. तिथे आखून दिलेल्या वाटेवरूनच चालायचे असते आणि ते योग्यच आहे, कारण जांभ्यावरच्या त्या बोटभर मातीत मी आडवा झालो तर एका फुलासाठी कोपराखाली गेंद आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची कितीतरी रोपे चिरडतील. मूळ आकाराइतकी प्रतिमा हवी असेल तर लेन्स आणि फूल यांच्यात वीतभरही अंतर उरत नाही, त्यामुळे वाटेपासून दोन हात आत असलेले फूल माझ्या उपयोगाचे नाही. दवबिंदूच्या पानांवरील चिकट थेंबांत अडकलेले चिलट टिपण्याची इच्छा दोन्ही खेपांना तशीच राहिली.

दुसरी अडचण वाऱ्याची. लेन्सचे छिद्र एफ ११ इतके लहान ठेवूनही या अंतरावर जेमतेम एक-दीड मिलिमीटर भागच स्पष्ट येतो, त्यामुळे देठ किंचित हलला तरी चित्र वाया जाते. एका स्नेह्यांनी चाळकेवाडीचे पठार सुचवले होते. ज्या जागी पवनचक्क्या उभारल्या आहेत, तिथे मॅक्रो लेन्स घेऊन मी काय करणार, असे मी त्यांना नम्रपणे विचारले.

सध्या माझी भिस्त वेताळ टेकडीवर आहे. जुन्या खाणीच्या पाण्याजवळ चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण नाजूक कीटक) मिळतात. पावसाळा सरल्यावर सकाळी लवकर गेल्यास दवाने भिजलेले, गारठलेले कीटक ऊन अंगावर येईपर्यंत जागचे हलत नाहीत, आणि तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासात पाच-सहा चांगली चित्रे होतात. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) झाडांच्या लागवडीखाली मात्र रानफुले फारशी दिसत नाहीत.

अनुभवाने असे वाटते की, मला पठारापेक्षा दरड हवी आहे. घाटरस्त्याच्या कडेला कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर तेरडा, सोनकी फुललेली असली की उभ्यानेच काम होते, रोपे तुडवली जात नाहीत आणि डोंगराच्या आडोशामुळे वाराही कमी लागतो. ताम्हिणी घाटात अशा दरडी मी गाडीतून पाहिल्या आहेत, पण वळणावर गाडी थांबवणे धोक्याचे वाटले. तिथे किंवा मुळशी, वरंध, भोर या बाजूला गाडी सुरक्षित लावून अर्धा-एक किलोमीटर पायी जाता येईल, असा एखादा आतला रस्ता किंवा ओढ्याचा काठ कोणाला माहीत आहे का? अभयारण्याच्या हद्दीत जावे लागणार असेल, तर परवानगी कुठे घ्यावी, तेही कळवावे.

आंबोली एका दिवसात होणार नाही, याची कल्पना आहे. दोन मुक्काम करण्याची तयारी आहे. कीटकांसाठी तिथे ऐन पावसात जावे की सप्टेंबरअखेरीस, आणि सततच्या पावसात फ्लॅश व डिफ्यूजर कोरडे कसे ठेवता, हे स्वतः तिथे काम केलेल्यांनी सांगितल्यास फार मदत होईल.

एक विनंती आहे. कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतींच्या नेमक्या जागा कृपया इथे उघड लिहू नयेत, कारण त्यांचे कंद उकरून नेले जातात. मला नेहमीचा तेरडा आणि त्यावर बसलेला ढालकिडाही चालेल.