मदत हवी आहे: बीआरडीयू आणि फॉक्सपी२ या दोन खुणांचं स्टेनिंग एकाच सेक्शनवर (मेंदूच्या पातळ कापावर) कसं जमवायचं?

माईसच्या (उंदरांच्या) गर्भात अमिग्डला, म्हणजे मेंदूतला भावनांशी जोडलेला भाग, कसा तयार होतो यावर काम करतेय. त्याच्या पेशी एका जागेहून येत नाहीत हीच तर खरी गंमत आहे, त्याच्या बेसोलॅटरल भागातल्या मुख्य पेशी पॅलियममधून (गर्भाच्या पुढच्या मेंदूचा वरचा भाग) येतात आणि मधले जे इंटरकॅलेटेड पुंजके असतात त्यांच्या पेशी सबपॅलियममधून (खालचा भाग), त्यातल्या लॅटरल गँग्लिऑनिक एमिनन्स या उंचवट्यातून सरकत येतात. या पुंजक्यांच्या पेशी मी फॉक्सपी२ या प्रथिनावरून ओळखते. या पुंजक्यांमधल्या कुठल्या पेशी गर्भाच्या १२.५ व्या दिवशी जन्मल्या ते मला बघायचंय. म्हणून त्या दिवशी आईला बीआरडीयू (त्या वेळी विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएत शिरणारी रासायनिक खूण) दिलं आणि १८.५ व्या दिवशी मेंदू काढले, म्हणजे जन्माच्या अगदी आधी. पीएफएने (पॅराफॉर्मल्डिहाइड) फिक्स केले, मग गोठवून कोरोनल (आडवे उभे) क्रायोसेक्शन काढले.

अडचण अशी की बीआरडीयूपर्यंत अँटीबॉडी पोहोचावी म्हणून डीएनए उघडायला २ नॉर्मल एचसीएल (अ‍ॅसिड) ३७ डिग्रीला ३० मिनिटं दिलं की फॉक्सपी२ चा सिग्नल जवळजवळ जातोच. वेगवेगळ्या सेक्शनवर दोन्ही अँटीबॉडी छान चालतात, त्यामुळे अँटीबॉडी खराब नाहीत. अ‍ॅसिडची वेळ १५ मिनिटं केली तर फॉक्सपी२ थोडा दिसतो पण बीआरडीयू फिका पडतो. अ‍ॅसिडऐवजी डीएनए कापणारं एन्झाइम, डीएनेज, अजून वापरून बघितलं नाही.

बीआरडीयूऐवजी ईडीयू (अ‍ॅसिड न लागणारी तशीच खूण) वापर असं कृपया सांगू नका, मेंदू आधीच गोळा झालेत आणि नवीन प्राण्यांची परवानगी आत्ता नाही. सेक्शनही मोजकेच उरलेत, सगळं करून बघणं परवडणार नाही.

आधी फॉक्सपी२ चं पूर्ण स्टेनिंग करून, परत पीएफएने फिक्स करून मग एचसीएल दिलं तर फॉक्सपी२ चा फ्लुरोफोर (चमकणारा रंग) टिकतो का, की सरळ डीएनेजच घेऊ? ज्यांनी गर्भाच्या सेक्शनवर केलंय त्यांनी वेळ आणि तापमान सांगाल का?