लेखकाने स्वतः छापलेल्या नौदल-इतिहासावर किती भरवसा ठेवावा?

वाचनवेडा (प्रश्न):
दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिकच्या लढाईवर एक दीर्घ लेख लिहायला घेतलाय. त्यासाठी एक पुस्तक मिळालं, लेखकाने स्वतःच छापलेलं. त्याचे आजोबा १९४२ साली कॉन्व्हॉयमधल्या (म्हणजे संरक्षणासाठी एकत्र जाणाऱ्या जहाजांच्या ताफ्यातल्या) एका मालवाहू जहाजावर खलाशी होते आणि त्यांची डायरी हाच पुस्तकाचा गाभा. वाचताना अंगावर काटा येतो. पण तळटीप एकही नाही, शेवटी फक्त दोन पानं पुस्तकांची यादी. यातलं काय घेऊ, काय सोडू? सगळंच बाजूला ठेवायला मन तयार होत नाही.

बंदरकाठ:
मी अशी पुस्तकं संदर्भाला घेत नाही. प्रकाशकाकडे निदान एक तिऱ्हाईत माणूस हस्तलिखित वाचतो, प्रश्न विचारतो. इथे ते कुणी केलेलं नसतं.

जुनी नोंदवही:
बंदरकाठ, तिऱ्हाईताचा मुद्दा खरा आहे, पण तेवढ्यावर पुस्तक बाद करू नका. यू-८६९ ही जर्मन पाणबुडी फेब्रुवारी १९४५ मध्ये मोरोक्कोजवळ बुडाली, असं युद्धानंतरच्या अधिकृत नोंदींत लिहिलेलं होतं. १९९१ मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या हौशी डायव्हरांना अमेरिकेत न्यू जर्सीसमोर सुमारे ७० मीटर खोलीवर एका पाणबुडीचा सांगाडा सापडला. ती यू-८६९ च आहे हे सिद्ध व्हायला १९९७ उजाडलं. पगारी इतिहासकारांच्या यादीतली चूक हौशी माणसांनी जीव धोक्यात घालून दुरुस्त केली. त्यामुळे मी छापणाऱ्याचं नाव शेवटी बघतो.

वाचनवेडा, मी काय करतो ते सांगतो. मला चांगली माहीत असलेली एक रात्र निवडतो आणि पुस्तकातलं तेवढंच प्रकरण आधी वाचतो. बुडवल्याचा दावा कुणाचा आणि बुडाल्याची नोंद कुणाची, हे लेखकाने वेगळं ठेवलंय का? पाण्याखालचा कप्तान टॉर्पेडो सोडतो, घड्याळ बघतो, स्फोट ऐकतो आणि जहाज बुडालं असं लिहितो. त्यात खोटेपणा नसतो, पण त्याला दिसलेलं काहीच नसतं. ऑक्टोबर १९४४ मध्ये तैवानजवळच्या हवाई लढाईनंतर जपानने अकरा अमेरिकन विमानवाहू नौका बुडवल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात एकही बुडाली नव्हती. म्हणून ज्याचं जहाज गेलं त्याच्या दप्तरात काय लिहिलंय, ते बघावं लागतं. जे पुस्तक एकाच बाजूच्या कागदांवर उभं आहे, त्यातले आकडे मी घेत नाही.

मग टन. माझ्या मते लेखकाची खरी परीक्षा इथे होते. मालवाहू जहाजाचा ग्रॉस टन हे वजन नव्हे, आकारमान आहे: १०० घनफूट म्हणजे एक टन. युद्धनौकेचा टन मात्र तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. लिबर्टी जहाज (युद्धकाळातलं अमेरिकन मालवाहू जहाज) ग्रॉस टनात सुमारे ७,२०० भरतं आणि पूर्ण भरल्यावर सुमारे १४,००० टन पाणी सारतं. दोन्ही आकडे बरोबर, पण एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसवले की बेरीज बिघडते. असा तक्ता दिसला की तो दुसरीकडून उतरवलाय आणि समजून घेतलेला नाही, हे मी धरून चालतो.

मागची दोन पानांची यादीही उपयोगी आहे. त्यातली सालं बघा. शत्रूचे सांकेतिक संदेश फोडल्याचं गुपित १९७४ मध्ये सर्वांसमोर आलं. ब्रिटनचा नौदलयुद्धाचा अधिकृत इतिहास रॉसकिल यांनी लिहिला. तो १९५४ ते १९६१ दरम्यान आला आणि त्यांना ते सांगता आलं नव्हतं. यादीतली सगळी पुस्तकं १९७४ च्या आधीची असतील, तर कॉन्व्हॉयने मार्ग बदलला आणि वाचला, याचं कारण हा लेखक कप्तानाच्या अंदाजाला किंवा नशिबाला देणार. तिथे त्याचं ‘का’ सोडा.

डायरीबद्दल एकच विचारतो. मूळ पानांचे फोटो छापलेत का? असतील तर छापील मजकुराशी शब्द न् शब्द ताडून बघा.

वाचनवेडा:
तीन पानांचे फोटो आहेत. काल रात्री भिंग घेऊन बसलो. दोन पानं अगदी जुळतात. तिसऱ्यावर पेन्सिलीने पाचच ओळी आहेत: थंडी, डावीकडचं जहाज पेटलं, बोटी खाली सोडल्या, पहाटेपर्यंत कुणी झोपलं नाही. छापील मजकुरात मात्र त्याच रात्रीखाली बारा ओळी आहेत आणि हल्ला करणाऱ्या यू-बोटीचा, म्हणजे जर्मन पाणबुडीचा, क्रमांकसुद्धा.

जुनी नोंदवही:
तो क्रमांक त्या रात्री डेकवरच्या खलाशाला कळणं शक्य नव्हतं. युद्ध सुरू होताच जर्मनांनी पाणबुड्यांवरचे क्रमांक रंगाखाली झाकले होते. अंधारात पाणबुडी दिसली असती तरी तिच्यावर वाचायला काही नव्हतं. त्या सात ओळी नंतर आल्या आहेत. आजोबांनी म्हातारपणी सांगितल्या असतील किंवा नातवाने पुस्तकातून घातल्या असतील. लेखकाला पत्र लिहून विचारा, मूळ वही बघायला मागा. अशी माणसं बहुतेक वेळा आनंदाने दाखवतात, कारण त्यांच्याकडे ती बघायला कुणी आलेलंच नसतं.

तोवर लेखात पेन्सिलीच्या पाच ओळी घ्या, फोटोवरून, जशाच्या तशा. पेटलेल्या जहाजाचं नाव आणि वेळ ब्रिटिश कागदांत शोधा. जर्मन युद्धदैनंदिनीशी ताडताना मात्र तिथली वेळ जर्मन घड्याळाची असते हे ध्यानात ठेवा. मध्यरात्रीच्या आसपासच्या हल्ल्याची तारीखच त्यामुळे बदलते.

बंदरकाठ:
त्या पाच ओळी मलाही वाचायच्या आहेत. लेख झाला की इथे टाका.