आडनावाचा उपयोग हरल्यावर कळतो

बूथ ११२
घराणेशाहीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतो, मग आमदाराचा आमदार झाला तर तुमचं पोट का दुखतं?' डॉक्टरच्या पोराला नीटची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते (मॅनेजमेंट कोट्याचं सोडा). आमदाराच्या पोराची परीक्षा आपण मतदार घेतो आणि नापासही करतो, हे मान्य. २०१९ ला मावळात पार्थ पवार दोन लाखांहून जास्त मतांनी पडले. २०२४ ला माहीममध्ये अमित ठाकरे थेट तिसरे.

पण मला जिंकण्याबद्दल बोलायचंच नाहीये. हरल्यावर काय होतं ते बघा. ४ जून २०२४ ला बारामतीत सुनेत्रा पवार नणंदेकडून हरल्या. त्याच महिन्यात राज्यसभेवर बिनविरोध. पंकजा मुंडे २०१९ ला परळीत चुलतभावाकडून हरल्या, २०२४ ला बीडमध्ये बजरंग सोनवणेंकडून. लगेच जुलैत विधान परिषद, डिसेंबरात मंत्रिपद.

आता माझं. २०१७ ला पंचायत समितीला इच्छुक होतो. पक्ष कुठला ते विचारू नका. अकरा वर्षं सतरंज्या उचलल्या होत्या. बूथची यादी तोंडपाठ, कोण चाकणला कामाला गेलाय, कोण वारला तरी यादीत जिवंत आहे, सगळं. शेवटच्या दिवशी तहसीलबाहेर एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदाची, वाट बघत उभा. पावणेतीनला गाडी आली. फॉर्मवर नाव नेत्याच्या भाच्याचं. त्याला आमच्या गणातली (पंचायत समितीच्या मतदारसंघातली) गावं ओळीने सांगता आली नसती. माझा अर्ज अपक्ष म्हणून राहिला, लढलो, पडलो. मला कुणी राज्यसभेवर घेतलं नाही. विकास सोसायटीच्या संचालकपदालाही कुणी विचारलं नाही.

कोरडवाहू
भाऊ, तुमच्यावर अन्याय झाला असेल, पण एका एबी फॉर्मवरून सिद्धांत मांडू नका. पंकजाताई २००९ आणि २०१४ ला निवडून आल्या होत्या, पाच वर्षं मंत्री होत्या. बीडमध्ये फरक किती, तर साडेसहा हजारांचा. ज्या बाईमागे एवढी मतं उभी आहेत तिला कुठला पक्ष घरी बसवेल? तुमच्यामागे किती होती?

आणि आडनाव एवढं भारी असतं तर संगमनेरला १९८५ पासून आमदार असलेले बाळासाहेब थोरात २०२४ ला अमोल खताळ या नवख्या माणसाकडून पडले नसते. नगरला लोकसभेत विख्यांची चौथी पिढी निलेश लंकेंनी पाडली. लंके म्हणजे मास्तरांचा मुलगा. ना कारखाना, ना कॉलेज.

बूथ ११२
माझ्यामागे अकराशे ब्याण्णव होती. मोजून सांगतो, कारण विसरता येत नाहीत.

लंकेंची गोष्ट अर्ध्यावर का सोडलीत? जूनमध्ये ते खासदार झाले. नोव्हेंबरात पारनेरच्या विधानसभेची उमेदवारी कुणाला? त्यांच्या पत्नीला.

कोरडवाहू
आणि लोकांनी त्यांना पाडलं. थोडक्यात, पण पाडलं. मतदार शहाणा आहे, एवढंच तर म्हणतोय मी.

बूथ ११२
मतदार शहाणाच आहे हो. पण ताटात काय वाढायचं ते कोण ठरवतं? बारामतीला लोकसभेत नणंद-भावजय, विधानसभेत काका-पुतण्या. शहाण्याने निवडायचं काय?

तासगावचा जावई
आमच्या सासुरवाडीचं सांगतो, तुम्हा दोघांचीही पंचाईत होईल.

आर. आर. आबा. अंजनीसारख्या गावातला पोरगा, घरची गरिबी, १९७९ ला जिल्हा परिषद, १९९० ला आमदार, पुढे गृहमंत्री, उपमुख्यमंत्री. आडनाव पाटील, पण सांगली जिल्ह्यात पाटील म्हणजे दर तिसरं घर. आबा फेब्रुवारी २०१५ मध्ये गेले. पोटनिवडणुकीत वहिनी, म्हणजे आबांच्या पत्नी, २०१९ ला पुन्हा वहिनी, २०२४ ला मुलगा रोहित, वय पंचवीस, सभागृहातला सगळ्यात तरुण आमदार. म्हणजे स्वतःच्या हिमतीवर आलेल्या माणसाचंच घराणं झालं. सांगोल्याला गणपतराव देशमुखांचं तेच. एसटीने फिरणारा अकरा वेळचा आमदार, आणि आता तिथे नातू आमदार.

माझी सासू दर वेळी आबांच्या घरालाच मत देते. विचारलं, 'पोराने अजून काय केलंय?' तर म्हणाली, 'आबानं केलेलं फेडायचं राहिलंय.' यावर काय वाद घालणार?

माजी सदस्या
सासूबाईंचं मला पटतं, पण त्या फेडीत तासगावातल्या दुसऱ्या कुणा हुशार पोराची पंचवीस वर्षं जातील. त्याची काय चूक?

आता खरं सांगते. मी स्वतः नावावर निवडून आलेली. सासरे गावच्या डेअरीचे चेअरमन, प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला, घरात मी एकटी पदवीधर. पॅनेलमध्ये नाव टाकल्याचं मला संध्याकाळी भाकरी थापताना कळलं. पहिलं वर्षभर मासिक सभेला माझ्या खुर्चीत दीर बसायचे आणि प्रोसिडिंग बुक सहीला घरी यायचं. एकदा पाण्याच्या टाकीच्या बिलाचा ठराव वाचला आणि सही केली नाही. घरात आठवडाभर अबोला. पुढच्या सभेला मी स्वतः गेले, दीर खुर्चीतून उठले नाहीत, मी उभी राहिले. ग्रामसेवकांनी शेवटी त्यांच्या ऑफिसातली प्लास्टिकची खुर्ची आणून दिली.

तर कोरडवाहू, नावाने दार उघडतं हे खरं. बूथ ११२ दादा, ते नाव नसतं तर मला ते दारही दिसलं नसतं, हेही खरं. गावात बाईला दुसरी वाट कुठली होती ते सांगा.

बूथ ११२
ताई, तुमच्यापुढे माझी तक्रार लंगडी पडते. कबूल.

सदाशिव पेठी नाही
सगळे तिकिटावर भांडताय, शिडीबद्दल कुणी बोलत नाही. कॉलेजातल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात पुन्हा आल्या, पण कागदावरच. बहुतेक झेडप्या आणि महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. आबा जिल्हा परिषदेतून वर आले. खालचीच पायरी काढून घेतली तर वर कोण पोचणार? ज्याचं घर आधीच माडीवर आहे तो.

कोरडवाहू
हा मुद्दा मात्र बिनतोड. पैशाचंही धरा. विधानसभेला अधिकृत खर्चमर्यादा ४० लाख, आणि प्रत्यक्षात किती लागतात ते इथे लिहायला नको. ज्याच्या ताब्यात कारखाना, बँक, शाळा, त्याचे कर्मचारी हेच त्याचे कार्यकर्ते. पगार संस्था देते. तरी मी म्हणेन, कर्तबगार पोरगा केवळ बापामुळे बाद ठरवणं हाही अन्यायच.

बूथ ११२
बाद करा असं मी कुठं म्हटलं? हरला तर आमच्यासारखं पाच वर्षं घरी बसू द्या. सकाळी दूध घालू द्या, लोकांच्या तोंडावरचं हसू बघू द्या. मग पुन्हा उभा राहिला तर त्याच्या सतरंज्याही मी उचलीन.

तासगावचा जावई
बाकी तुमचा गण या वेळच्या सोडतीत कशात गेला?

बूथ ११२
सर्वसाधारण महिला.

तासगावचा जावई
मग वहिनींना उभं करा की!

बूथ ११२
विचारलं होतं. म्हणाली, आधी २०१७ चं कर्ज फेडा.

माजी सदस्या
वहिनींचा नंबर द्या मला. तुमचा नको.