मदत हवी आहे: एडीएचडी असलेल्या मुलाची उन्हाळी सुट्टी

माझा मुलगा ८ वर्षांचा, त्याला एडीएचडी आहे (लक्ष टिकत नाही, अतिचंचल). आम्ही पुण्यात, सहकारनगरला राहतो. मागच्या मे महिन्यात एका शिबिरात घातला होता. तिसऱ्या दिवशी फोन आला, "एका जागी बसत नाही, घेऊन जा." बसत नाही म्हणूनच तर पाठवला होता हो!

यंदा सकाळ जमवली आहे. सहाला पर्वती टेकडी. १०३ पायऱ्या मोजत चढतो, मध्ये आकडा चुकला की खाली जाऊन पुन्हा पहिल्यापासून. माझे गुडघे बोलायला लागलेत, पण त्यानंतर स्वारी वीस मिनिटं शांतपणे पोहे खाते. एडीएचडीच्या गोळीमुळे दुपारी भूक नसते, म्हणून नाश्ता आधीच भरपेट.

प्रश्न आहे तो अकरा ते पाचचा. बाहेर ऊन, घरात मोबाइलवरून भांडण, आणि आजी म्हणते, "लाडावलाय." कणीक मळणं, कुंड्यांना पाणी घालणं दहा-दहा मिनिटं टिकतं. पुढे काय?

चार-पाच मुलांचाच गट घेणारं पोहणं, मातीकाम किंवा मल्लखांब जवळपास कुणाला माहीत आहे का? शिकवणाऱ्यांना एडीएचडीबद्दल आधीच सांगावं की चार दिवस जाऊ द्यावेत? अशीच मुलं असलेली दोन-तीन घरं मिळाली तर आळीपाळीने दुपारी सांभाळायचीही माझी तयारी आहे.