पट्टे लगेच सोडू नका

यार्डात ठेवलेली बोट पाण्यात उतरली की त्याच दुपारी त्रिनिदादच्या चागुआरामास बंदरातून ग्रेनाडा बेटाला निघायचं, असा बेत एका बोटवाल्याने मांडलाय. माझ्या मते घाई होतेय. १ जून ते ३० नोव्हेंबरचा चक्रीवादळांचा हंगाम काढायला त्रिनिदादच्या यार्डात (बोटी जमिनीवर ठेवायच्या जागेत) ठेवलेली बोट महिनोन्महिने उन्हात वाळलेली असते, म्हणून निघण्याआधी ती नीट तपासायला हवी.

टेकूंखालचे रंगवायचे राहिलेले ठिपके बोट लिफ्टच्या पट्ट्यांवर टांगलेली असतानाच अँटिफाउलिंगने (तळाला शेवाळ-शिंपले धरू न देणाऱ्या रंगाने) रंगवून घ्या. यार्डवाले ओरडतात, ओरडू देत! पाण्याला टेकल्यावरही पट्टे तसेच ठेवायला सांगा आणि तेवढ्यात तळाच्या फळ्या उचलून प्रत्येक सीकॉक (बोटीच्या भोकांवरची पाण्याची झडप), होजचे क्लॅम्प, शाफ्टचा सील (पंख्याचा दांडा बाहेर जातो तिथलं पाणी अडवणारा) बोटांनी चाचपा. बारीक पाझर डोळ्यांना उशिरा दिसतो. रबरी बेलोचा (भात्यासारखा) सील असेल तर तो दाबून आतली हवा काढावी लागते, नाहीतर कोरडाच फिरून तापतो. इंजिन लावल्यावर एक्झॉस्टमधून पाणी पडत नसेल तर लगेच बंद करा. पहिला संशय इंपेलरवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातल्या रबरी चाकावर.

रात्र मुरिंगवर (बोट बांधायच्या बोयावर) काढा, सकाळी बिल्ज, म्हणजे तळाचा पाणी साचणारा भाग, बघा. पुढे साधारण ८० सागरी मैल आहेत, बहुतेक जण रात्रीच कापतात. प्रवाह पश्चिमेला ओढतो, म्हणून सुरुवातीपासूनच थोडं पूर्वेकडे धरून चला.